काठावरचे सात किलो

रोहिदासची गाडी एकाएकी म्हातारी झाली,
असं सांगतच तो दुकानात शिरला.
तिस्कावर थांबली की निघायला कंटाळते.
फर्मागुडीच्या चढणीवर ट्रकवाले मागून हॉर्न मारतात.
प्लग बदलले, फिल्टर बदलला, क्लच उघडून पाहिला,
देवाला नारळही ठेवून झाला.

मी बॉनेट उघडलंच नाही.
चाकं पाहिली.
काळी, सतरा इंची, पाच पात्यांची,
म्हापशात कुणीतरी वापरून विकलेली.
"जुनी लोखंडी कुठे आहेत?"
"एक डिकीत. स्टेपनी."

माझ्या दुकानाला लागून सुपारीचं गोदाम.
त्यांचा काटा दिवसभर ओट्यावरच असतो.
जुनं चाक, टायरसकट: तेरा किलो.
काळं: वीस.
काट्यावर सुपारीची टरफलं चिकटली होती,
ती झाडून पुन्हा ठेवलं. वीसच.

रोहिदासने बोटांवर हिशेब केला, सात चोक अठ्ठावीस,
आणि मागच्या सीटवर चिकू खाणाऱ्या भाचीकडे हात केला.
"म्हणजे एक सुलक्षा! एवढ्याने काय होतं?"

सुलक्षा सीटवर बसते, रोहिदास.
चाकाच्या काठावर नाही बसत.

पटलं नाही त्याला. मग पुढच्या चाकांना दगड लावले,
मागची बाजू जॅकवर घेतली, हँडब्रेक सोडला.
आधी स्टेपनी चढवली.
सुलक्षाने चिकट बोटाने ढकललं
आणि चाक निघालं, हाक मारायचीच वाट बघत असल्यासारखं.
मग काळं.
बोट वाकलं. तिने दोन्ही हात लावले, पाय रोवले,
तेव्हा ते हललं, आधी आळसात, मग हळूहळू तालात.
आणि तालात आल्यावर थांबेना.
तळवा टेकवून पाहिला तिने, झटकन मागे घेतला.
"मामा, हें आयकना!"

शिरोड्याच्या जत्रेत हाताने ढकलायची चक्री असायची.
तो माणूस आम्हा पोरांवर ओरडायचा:
खांबाला चिकटून उभी राहा, नाही तर सुटत नाही!
पोरं तीच, वजन तेवढंच.
खांबापाशी ते एकदा मोजायचं.
काठावरचा किलो दोनदा मोजावा लागतो,
एकदा पुढे न्यायला,
एकदा गोल फिरवायला.

माझा धाकटा भाऊ बाहरीनला आहे.
घरात होता तेव्हा कधी जड वाटला नाही.

"आणि ऐक," मी म्हणाले,
"मोकळ्या रस्त्यावर, एका वेगात, हे वजन काही मागत नाही.
बाणस्तारीपर्यंत तुला कळणारही नाही.
मागतं ते निघताना.
जे निघताना भरलंस, ते थांबताना ब्रेकला उपसावं लागतं,
आणि पुन्हा निघताना पुन्हा भरायचं.
आता फोंड्यात आपण
निघणं आणि थांबणं सोडून दुसरं करतो काय?"

तो उकिडवा बसून काळ्या चाकाकडे बघत राहिला.
पात्यांवरची धूळ अंगठ्याने पुसली.
"पूण दिसता बरें," म्हणाला.
खरंच बरं दिसत होतं. ते मी कसं नाकारू?

"बहिणीच्या दिराचं लग्न आहे. तेवढं होऊ दे."
मग तीच चाकं पुन्हा बसवली,
बॅलन्सिंगला एकेक चढवलं.
तिसऱ्यात दहा ग्रॅमचा फरक आला.
बोटाच्या पेराएवढं शिसं, कडेला ठोकलं.
सुलक्षाने विचारलं, एवढंसं कशाला?
तिला म्हटलं, हे नसतं तर ऐंशीच्या वेगात
मामाचे हात थरथरले असते.

गाडी गेली. मी हात पुसत उभी राहिले.
चढणीकडून आवाज आला: दुसरा गिअर,
थोडा दम,
आणि परत पहिला.